विश्लेषण : पदवीनंतर लगेच एमबीए की आधी नोकरी? भिवंडीतील पदवीधरांसाठी गणित काय सांगते?

यंत्रमाग आणि गोदामांचे शहर असलेल्या भिवंडीत, निजामपुऱ्यासारख्या वस्तीतील अनेक घरांत पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी आहे. बी.कॉम., बी.एस्सी. किंवा बीएमएसचे शेवटचे वर्ष सुरू झाले की घरात एकच प्रश्न घोळू लागतो. एमबीएला लगेच जायचे, की दोन वर्षे कमवून मग? लगेच जावे तर शुल्क आणि कर्जाचा भार. थांबावे तर पुन्हा पुस्तकांकडे वळणे होईल का, ही धास्ती. यावर सरधोपट सल्ले पुष्कळ मिळतात. प्रत्यक्षात उत्तर तीन गोष्टींवर ठरते. प्रवेश कोणत्या संस्थेत हवा आहे, नोकरी कागदावर सिद्ध होणारी आहे का आणि घर दोन वर्षे बिनपगारी काढू शकते का. त्याविषयी…

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२४-२५पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाले. ही पहिली तुकडी २०२६-२७मध्ये तिसऱ्या वर्षात असेल. त्यांच्यासमोर आधीच्या तुकड्यांना नसलेला एक पर्याय आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचे किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घ्यायची. एमबीए प्रवेशासाठी तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे. त्यामुळे ज्याला व्यवस्थापनाकडेच जायचे आहे, त्याला केवळ पात्रतेसाठी चौथे वर्ष करण्याची गरज नाही.

दुसरा बदल परीक्षेचा. राज्याच्या सीईटी कक्षाने २०२६पासून एमबीएची सामायिक प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचे धोरण स्वीकारले. दुसरी संधी ऐच्छिक असून दोन्हींपैकी चांगले गुण ग्राह्य धरले जातात. आजारपण, विद्यापीठाच्या परीक्षेशी जुळून आलेल्या तारखा किंवा एखादा वाईट दिवस यामुळे अख्खे वर्ष वाया जाण्याची भीती त्यामुळे कमी झाली. साहजिकच शेवटच्या वर्षातच परीक्षा देऊन पाहणे पूर्वीपेक्षा कमी जोखमीचे झाले आहे.

राज्याच्या सीईटीत अनुभवाला किती किंमत?

सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. ‘दोन वर्षे नोकरी केली की एमबीएला प्रवेश सोपा जातो’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. महाराष्ट्रातील केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेला, म्हणजे ‘कॅप’ला, ते लागू होत नाही. इथे गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. गटचर्चा नाही, मुलाखत नाही, अनुभवाला वेगळे गुण नाहीत.

चर्चगेटजवळची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था (स्थापना १९६५) असो किंवा शासनाची सिडनहॅम व्यवस्थापन संस्था, कॅपमधून जागा मिळवायची तर पर्सेंटाइल हेच चलन. बजाजमध्ये जागा मिळण्यासाठी नव्याण्णवच्याही वरचे पर्सेंटाइल लागते. तिथे दोन वर्षांचा अनुभव असलेला आणि नसलेला उमेदवार एकाच रांगेत उभा असतो.

परीक्षेचे स्वरूपही ताज्या पदवीधराला अनुकूल आहे. दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुणवजावट नाही. म्हणजे परीक्षा वेगाची आणि सरावाची. रोज दहा-बारा तास नोकरी आणि प्रवासात घालवणाऱ्यापेक्षा महाविद्यालयात असलेल्या विद्यार्थ्याकडे सरावाला वेळ जास्त असतो. म्हणून ज्याचे लक्ष्य राज्यातील सीईटीच्या जागा एवढेच आहे, त्याला प्रवेशाच्या दृष्टीने थांबून काहीही मिळत नाही. नोकरीचा फायदा झालाच तर तो पुढे, कॅम्पसवर कंपन्या निवडीसाठी येतात तेव्हा होतो.

आयआयएम, आयएसबी आणि परदेशांत चित्र वेगळे का?

आयआयएमसाठीची ‘कॅट’ साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी ती देऊ शकतात. पदवीला किमान ५० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी ४५ टक्के ही अट आहे. अनुभवाची अट नाही. मात्र मुलाखतीला कोणाला बोलवायचे आणि अंतिम निवड कोणाची करायची, याची सूत्रे प्रत्येक आयआयएम स्वतः ठरवते आणि जाहीर करते. त्यात कॅटच्या गुणांबरोबर दहावी, बारावी व पदवीचे गुण, शाखांचे वैविध्य आणि बहुतेक ठिकाणी अनुभव धरला जातो. अनुभवाचे हे गुण साधारण तीन वर्षांपर्यंत वाढत जातात. त्यानंतर आणखी थांबून काही पदरात पडत नाही.

याचा अर्थ, दहावी-बारावीला उत्तम गुण असलेल्या विद्यार्थ्याला अनुभवावाचूनही मुलाखतीचे बोलावणे येऊ शकते. ज्याचे जुने गुण जेमतेम आहेत, त्याला मात्र ते बदलता येत नाहीत. त्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात, कॅटचे गुण आणि अनुभव. अशा उमेदवारासाठी दोन-तीन वर्षे थांबणे खरोखर उपयोगाचे ठरू शकते.

हैदराबाद आणि मोहाली येथील आयएसबीचा मुख्य अभ्यासक्रम मुळात अनुभवी उमेदवारांसाठी आहे. त्याला साधारण दोन वर्षांच्या पूर्णवेळ नोकरीची अपेक्षा असते. आयआयएम अहमदाबादचा एक वर्षाचा अभ्यासक्रम किमान चार वर्षांचा अनुभव मागतो. अमेरिका-युरोपातील नामवंत संस्थांत वर्गाचा सरासरी अनुभवच चार-पाच वर्षांचा असतो. ही दारे ज्याच्या डोळ्यांसमोर आहेत, त्याने पदवीनंतर लगेच राज्यातील कोणत्याही संस्थेत एमबीए उरकून टाकणे नुकसानीचे ठरू शकते. एकदा एमबीए झाले की दुसऱ्यांदा तीच पदवी कशासाठी, याचे उत्तर प्रत्येक अर्जात द्यावे लागते.

‘अनुभव’ नेमका कशाला म्हणतात?

भिवंडीतील मुलांसाठी हा सर्वात कळीचा मुद्दा आहे. इथे पदवीनंतर रिकामा बसणारा मुलगा विरळा. कोणी घरच्या कारखान्यात मागांचे व्यवहार पाहतो, कोणी काकांच्या गोदामात आवक-जावक लिहितो, कोणी सुताच्या दलालीत किंवा ट्रान्स्पोर्टच्या कार्यालयात हिशेब सांभाळतो. काम खरे असते, जबाबदारीही मोठी असते. पण पगार रोखीने, नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही, भविष्य निर्वाह निधीची नोंद नाही. दोन वर्षांनी अर्ज भरताना हे सारे ‘शून्य महिने’ ठरण्याचा धोका असतो.

व्यवस्थापन संस्था साधारणपणे पदवीनंतरचा, पूर्णवेळ आणि सवेतन अनुभव मोजतात. शिकत असताना केलेली नोकरी, अर्धवेळ काम, इंटर्नशिप बहुतेक ठिकाणी धरली जात नाही. सनदी लेखापालाकडची आर्टिकलशिपही अनेक संस्था अनुभवात मोजत नाहीत. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन मिळते. शिकण्यासाठी ती संधी चांगली असली तरी ते प्रशिक्षण आहे, नोकरी नव्हे. त्याच्या प्रमाणपत्रावर अनुभवाचे गुण मिळतील, असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल.

यावर उपाय आहे, पण तो पहिल्या दिवसापासून करावा लागतो. घरच्या व्यवसायात काम करायचे तर नेमणुकीचे पत्र, बँक खात्यातून दिला जाणारा पगार आणि वेळेवर भरलेले प्राप्तिकर विवरणपत्र ही तीन कागदपत्रे असावीत. व्यवसायात भागीदारी असेल तर भागीदारीपत्र आणि जीएसटी नोंदणीत नाव. काही संस्था कौटुंबिक व्यवसायातील अनुभव मान्य करतात, पण पुरावा मागतात. दोन वर्षांनी मागच्या तारखेची पत्रे तयार करण्याचा मोह धोक्याचा आहे. पडताळणीत ते उघड झाल्यास मिळालेला प्रवेशही रद्द होतो.

भिवंडीत थांबून मिळणारा अनुभव उपयोगाचा आहे का?

मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल साठवता यावा म्हणून भिवंडीच्या आसपास गोदामे वाढली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर कंपन्यांना प्रत्येक राज्यात करासाठी छोटी गोदामे ठेवण्याची गरज उरली नाही. एकाच ठिकाणी मोठे साठवण केंद्र उभारणे परवडू लागले. काल्हेर, पूर्णा, माणकोली, अंजूरफाटा या पट्ट्यात ई-व्यापारापासून औषधांपर्यंत सगळ्या मालाची उलाढाल होते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला, त्याचे मुंबईकडील टोक भिवंडी तालुक्यातील आमणे येथे आहे.

या पट्ट्यातील मोठ्या गोदामांत पदवीधराला मालसाठ्याची नोंद, पाठवणीचे नियोजन, वाहनांचे वेळापत्रक, परत आलेल्या मालाचा हिशेब अशी कामे मिळतात. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ‘पुरवठा साखळी’ नावाने जे शिकवले जाते, ते इथे रोज डोळ्यांसमोर घडत असते. पवईची पूर्वीची नीटी ही संस्था २०२३मध्ये आयआयएम मुंबई झाली. उत्पादन आणि पुरवठा साखळी हे तिचे जुने बलस्थान. गोदामात दोन वर्षे काढलेल्या उमेदवाराने तिथल्या मुलाखतीत मालाचा तुटवडा का होतो, ट्रक ताटकळत का उभे राहतात हे स्वतःच्या अनुभवातून सांगितले, तर त्याचे वजन पुस्तकी उत्तरापेक्षा नक्कीच वेगळे.

मात्र नोकरी निवडताना एक फरक पाहावा लागतो. कंपनीच्या वेतनपटावरची नोकरी आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदारामार्फत मिळालेली नोकरी या दोन्ही पूर्णवेळ असू शकतात. पण कंत्राटदार बदलला की अनुभवाचे प्रमाणपत्र देणारा कोणी उरत नाही. दर महिन्याची पगारपत्रके स्वतःकडे जपून ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय.

पैशाचे गणित कसे मांडावे?

एमबीएचा खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे. दोन वर्षे न मिळालेला पगार हाही खर्चच. एक उदाहरण घेऊ. समजा, पदवीधराला २० हजार रुपयांची नोकरी मिळते आहे. ती सोडून एमबीए केले तर दोन वर्षांत ४ लाख ८० हजारांचा पगार बुडाला. संस्थेचे शुल्क आणि इतर खर्च मिळून ८ लाख धरले, तर एकूण किंमत झाली १२ लाख ८० हजार.

आता दोन शक्यता. नोकरी न सोडता दोन वर्षांनी त्याचा पगार २७ हजार झाला असता असे मानू. एमबीएनंतर ५० हजारांची नोकरी मिळाली, तर दरमहा २३ हजारांचा फरक पडतो आणि खर्च साडेचार-पावणेपाच वर्षांत वसूल होतो. तेच एमबीए करून ३५ हजारांची नोकरी मिळाली, तर फरक फक्त ८ हजारांचा. तेव्हा वसुलीला तेरा वर्षांहून अधिक काळ लागतो. दोन्हींत अभ्यासक्रम एकच, पदवीही एकच. बदलली ती संस्था.

कर्जाचा हप्ताही याच बाजूने पाहावा. ८ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण १३ हजार ३०० रुपये येतो. शिक्षण सुरू असतानाचे व्याज वेगळे. ५० हजारांच्या पगारात हा हप्ता पावभर होतो, ३५ हजारांत तो एक तृतीयांशाहून अधिक खातो. म्हणून ‘लगेच की नंतर’ याच्या आधी ‘कुठे’ हा प्रश्न सुटायला हवा. सामान्य संस्थेत लगेच मिळालेल्या जागेपेक्षा चांगल्या संस्थेत दोन वर्षांनी मिळालेली जागा अनेकदा स्वस्त पडते. याउलट, चांगल्या संस्थेत आजच जागा मिळत असेल तर केवळ अनुभवासाठी ती सोडणे क्वचितच शहाणपणाचे.

शुल्क सवलती आणि कर्ज योजनांचा वेळेशी काय संबंध?

संबंध आहे, कारण बहुतेक सवलती कुटुंबाच्या उत्पन्नाशी आणि कॅपमधून झालेल्या प्रवेशाशी जोडलेल्या आहेत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, उत्पन्नाच्या याच मर्यादेत, शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत देण्यात आली. संस्थास्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हा लाभ मिळत नाही. अल्पसंख्याक समाजातील विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्तीही आहे. मुंबईतील अंजुमन-ए-इस्लामच्या अल्लाना व्यवस्थापन संस्थेसारख्या अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजासाठी जागांचा कोटा असतो.

केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेला नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी मिळाली. निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, अशी तिची रचना आहे. ज्या कुटुंबाकडे तारण ठेवायला सातबारा किंवा नोंदणीकृत घर नाही, त्यांच्यासाठी ही मोठी सोय. पण संस्था यादीत असेल तरच. इथेही प्रश्न पुन्हा ‘कुठे’ या शब्दाशी येऊन थांबतो.

मुलींसाठी थांबण्याचा अर्थ वेगळा का होतो?

कागदावरचे गणित मुलगा-मुलगी दोघांसाठी सारखे, घरातले मात्र सारखे नसते. भिवंडीत मुलींसाठी स्वतंत्र महाविद्यालय आहे, पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींची संख्याही वाढली आहे. पण पदवी हातात आली की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. मुलाच्या बाबतीत ‘दोन वर्षांनी बघू’ याचा अर्थ दोन वर्षांनी बघू असाच असतो. मुलीच्या बाबतीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’ असा होतो.

शिवाय अंतर आहे. भिवंडी रोड हे स्थानक दिवा-वसई मार्गावर असल्याने मुंबईकडे थेट लोकल नाही. निजामपुऱ्याहून रिक्षा किंवा बसने ठाणे-कल्याण गाठायचे, मग लोकल. रोज चार-पाच तासांच्या प्रवासाला अनेक घरे नोकरीसाठी तयार होत नाहीत, शिक्षणासाठी मात्र होतात. अशा वेळी शुल्क सवलत हा घरातल्या चर्चेत सांगण्याजोगा ठोस मुद्दा ठरतो. वरच्या उदाहरणात ८ लाखांपैकी ६ लाख शिक्षण शुल्क होते असे धरले आणि ते माफ झाले, तर ३५ हजारांच्या नोकरीतही वसुलीचा काळ तेरा वर्षांवरून सात वर्षांवर येतो. सवलतीस पात्र असलेल्या, कॅपमधून बरी संस्था मिळत असलेल्या मुलीसाठी ‘लगेच’ ही बाजू त्यामुळे निश्चितच जड आहे.

इंग्रजीची अडचण असेल तर?

भिवंडीत उर्दू आणि मराठी माध्यमांच्या शाळांतून आलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. कॅटच्या तीन भागांपैकी एक पूर्ण भाग इंग्रजी वाचन-आकलनाचा असतो. सीईटीतही दोनशेपैकी पन्नास प्रश्न इंग्रजीचे. गणित-तर्कशास्त्रात हुशार असलेली मुले इथे मागे पडतात आणि दोष स्वतःच्या कुवतीला देतात. प्रत्यक्षात हा सवयीचा प्रश्न आहे. रोज एक इंग्रजी वृत्तपत्र किंवा लेख वाचण्याची सवय लागायला वर्ष-दीड वर्ष लागते. ती शेवटच्या वर्षाच्या दिवाळीनंतर सुरू करून चालत नाही.

म्हणून एखादे वर्ष थांबण्याचे हे एक सबळ कारण असू शकते. मात्र ते वर्ष नोकरीसह असावे. नुसत्या क्लासच्या भरवशावर घरी बसलेले वर्ष मुलाखतीत ‘या काळात काय केले?’ असा प्रश्न हमखास घेऊन येते. कामाच्या ठिकाणी इंग्रजीत ई-मेल लिहिणे, ग्राहकाशी बोलणे याने जी भाषा सुधारते ती क्लासमध्ये सुधारत नाही.

वेळापत्रक कसे असते?

सर्वाधिक संधी हुकतात त्या अभ्यासाअभावी नव्हे, तारखांमुळे. जून-जुलै २०२७मध्ये प्रवेश हवा असेल तर तयारी २०२६च्या उन्हाळ्यातच सुरू व्हायला हवी. कॅटची नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. तोपर्यंत तिसऱ्या वर्षाचे वर्ग नुकतेच स्थिरावलेले असतात. नोव्हेंबरअखेरीस कॅट, डिसेंबरमध्ये सिम्बायोसिससाठी स्नॅप, जानेवारीच्या सुरुवातीला एक्सॅट. राज्याच्या सीईटीची नोंदणी हिवाळ्यात सुरू होते, परीक्षा उन्हाळ्यात आणि कॅपच्या फेऱ्या पावसाळ्यात.

दुसरी रांग कागदपत्रांची. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर. जात वैधतेला महिनोनमहिने लागतात आणि जुन्या नोंदी शोधाव्या लागतात. परराज्यांतून विणकामासाठी येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांत आजोबांच्या काळातील नोंदी सापडणे हीच मोठी अडचण. त्यामुळे अर्ज कॅपच्या वेळी नव्हे, पदवीच्या दुसऱ्या वर्षातच करणे इष्ट.

तिसरी गोष्ट निकाल. शेवटच्या सत्राचा निकाल लांबला किंवा एटीकेटी लागली तर मिळालेली जागा हातची जाऊ शकते. २०१७मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल ऑनस्क्रीन तपासणीच्या गोंधळात रखडले, तेव्हा अनेकांना याचा फटका बसला होता. मागील सत्रांचे विषय राहिलेले असतील तर प्रवेश परीक्षेच्या आधी ते सोडवणे हीच खरी तयारी.

मधला मार्ग आहे का?

आहे, तोही एकापेक्षा अधिक. घरची जबाबदारी इतकी आहे की नोकरी सोडणे शक्यच नाही, अशांसाठी मुंबई विद्यापीठाचे विपणन, वित्त आणि मनुष्यबळ विषयांतील तीन वर्षांचे अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालू आहेत. त्यांचे वर्ग नोकरदारांच्या वेळेनुसार असतात. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नूचे एमबीएही आहेत. या पदव्या नोकरीत बढतीसाठी कामी येतात. मात्र कॅम्पसवरून नवी नोकरी मिळवून देण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये.

घरचा व्यवसायच पुढे न्यायचा असेल तर सर्वसाधारण एमबीएपेक्षा कौटुंबिक व्यवसायांसाठीचे अभ्यासक्रम अधिक जुळतात. अंधेरीच्या एस. पी. जैन संस्थेसह काही संस्था ते चालवतात.

परदेशाचा विचार असलेल्यांसाठी जीमॅटचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात, कॅट आणि सीईटीचे मात्र त्या-त्या वर्षापुरतेच. अभ्यासाची सवय टिकून आहे तोवर जीमॅट देऊन ठेवायची आणि नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी अर्ज करायचा, हा मार्ग म्हणूनच वापरला जातो. हार्वर्डसारख्या काही संस्था शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना आधी प्रवेश देऊन दोन-चार वर्षे नोकरी करून येण्यास सांगतात.

मग निर्णय कधी आणि कसा घ्यावा?

परीक्षेचा निर्णय आणि प्रवेशाचा निर्णय हे दोन वेगळे निर्णय आहेत. गफलत होते ती दोन्ही एकच समजल्याने. परीक्षा शेवटच्या वर्षातच द्यावी, त्यात गमावण्यासारखे फारसे काही नाही. कॅटचे शुल्क अडीच हजारांच्या घरात आहे. कॅट किंवा सीईटी किती वेळा द्यावी यावर मर्यादा नाही, आणि पहिला प्रयत्न अपुरा पडला तरी आपण कुठे उभे आहोत हे कळते. प्रवेश घ्यायचा की नाही, हे मात्र निकाल हातात आल्यावर ठरवावे. त्या वेळी संस्था ठाऊक असते, शुल्क ठाऊक असते, सवलत मिळणार का हेही ठाऊक असते. तिथे मागील वर्षी किती जणांना, कोणत्या पगाराच्या नोकऱ्या लागल्या याची चौकशी करता येते. सर्वात मोठ्या पगाराचा आकडा जाहिरातीत असतो, विचारायचा असतो तो मधल्या विद्यार्थ्याचा.

निकाल चांगला, संस्था भक्कम आणि घर दोन वर्षे तग धरू शकत असेल तर थांबण्याचे कारण नाही. निकाल मध्यम असेल तर व्यवस्थापन कोट्यात पैसे भरून जागा ‘पक्की’ करण्यापेक्षा कागदोपत्री पक्की नोकरी धरणे बरे. ती घेताना किती काळासाठी, हेही ठरवलेले हवे. दोन ते तीन वर्षे हा काळ आयआयएमच्या सूत्रांशी जुळतो. त्यापलीकडे पगार, लग्न, घराचे हप्ते यांची सवय होते आणि पूर्णवेळ शिक्षणाकडे परतणे दर वर्षी अवघड होत जाते.

निजामपुऱ्यातील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने म्हणूनच या वर्षी दोन कामे एकाच वेळी हाती घ्यायला हवीत. प्रवेश परीक्षांचे अर्ज भरायचे आणि जी काही नोकरी मिळेल तिचे नेमणूकपत्र मागून घ्यायचे. पहिल्याने लगेच जाण्याचा रस्ता उघडा राहतो, दुसऱ्याने थांबलेला काळ फुकट जात नाही.